सरूबाईचं मशीन आणि सातवं कलम

दुकानाच्या मागे घर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते चपला बाहेर काढून आपणच आत येतात. माझ्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, पण एवढे किस्से साठलेत की माहेरी जाताना त्यांच्यासाठी वेगळी ट्रंक लागेल.

सासरी सगळे म्हणतात, सून अबोल आहे. अबोल कसली! दुकान आणि माजघर यांच्यामध्ये एक दार, दाराला चिकाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी ज्वारी निवडत बसते. पलीकडे अर्धा परभणी जिल्हा बोलत असतो. दोघांनी एकदम बोलून कसं चालेल?

दुकान स्टेशनच्या रस्त्याला आहे. शिवणाची मशिनं, सायकली आणि एखाददुसरा ग्रामोफोन. रोखीनं नेणारा वर्षाकाठी एखादाच, बाकी सगळा कारभार हप्त्याचा. मालक म्हणजे मामंजी. आमचे हे त्यांचे एकुलते चिरंजीव. माल पोचवणं, वसुलीला जाणं आणि मामंजी रागावले की समोर उभं राहणं, ही तीन कामं यांच्याकडे. तिसरं काम सगळ्यात नियमित!

आता विम्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्या पावतीवर दोन खाने. एक हप्त्याचा, दुसरा विम्याचा. मशीन जळलं, पुरात गेलं, चोरांनी नेलं, तर कंपनी भरून देणार, म्हणून दर महिन्याला हप्त्याबरोबर विम्याचे आठ आणे. चार वर्षांपूर्वी मुंबईहून विम्याचा एक एजंट आला होता म्हणे. सासूबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, भिंतीवर एक कॅलेंडर लावलं आणि गेला. तो पुन्हा आला नाही, त्याची कंपनीही कधी काही बोलली नाही. मामंजींनी विमा घेणं मात्र सोडलं नाही.

सासूबाईंनी एकदा विचारलं, "अहो, कंपनीच नाही तर विमा कशाचा?"

मामंजी म्हणाले, "मी आहे ना! कुणाचं जळलं तर मी भरून देईन!"

चार वर्षांत कुणाचं काही जळलं नाही. म्हणजे कंपनी मामंजी, एजंटही मामंजी. मुंबईचं म्हणाल तर ते कॅलेंडर तेवढं!

* * *

त्या कॅलेंडरचं असं झालं.

झरीचे एक मास्तर सायकल घ्यायला आले. चारदा घंटी वाजवून पाहिली, चाक फिरवून पाहिलं, मग पावती हातात घेऊन म्हणाले, "हप्ता म्हंजे सायकलीचा. ती तर दिसायलीय. हे विम्याचे आठ आणे कशाचे? विमा कुठाय? दाखवा."

मास्तर माणूस, रेटून विचारणार. मामंजींनी हात वर करून भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. कॅलेंडरवर कमळात उभी लक्ष्मी, तिच्या हातातून नाणी पडतायत, खाली इंग्रजीत कंपनीचं नाव.

मास्तरांनी टोपी काढली, हात जोडले आणि आठ आणे ठेवले!

दुकानात तेव्हा दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. पुढच्या महिन्यापासून मशीनचा हप्ता भरायला येणारी प्रत्येक बाई आधी त्या लक्ष्मीला हळदकुंकू लावते, मग कमरेची पिशवी सोडते. लक्ष्मीच्या कपाळावरून निघालेलं कुंकू आता खाली तारखांवर उतरलंय. फेब्रुवारी महिना तर दिसतच नाही.

ह्यांनी एकदा ते जुनं कॅलेंडर काढायला हात घातला. मामंजी ओरडले, "हात लावू नकोस! वसुली बसेल!"

* * *

कुंकू लावणाऱ्या बायकांत सगळ्यात नेमाची सरूबाई.

सरूबाई पिंगळीची. नवरा शिंपी, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला, सुईत दोरा ओवता येईना. मग हिनं हप्त्यावर हातमशीन घेतलं आणि नवऱ्याच्या जागी स्वतः बसली. झंपर, परकर, पोरांचे सदरे, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते शिवते. महिन्याला तीन रुपये हप्ता आणि आठ आणे विमा. एकशेवीस रुपयांचं मशीन. पस्तीस महिने तिनं पैसा चुकवला नाही. मग नवऱ्याच्या डोळ्यांसाठी दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि तीन हप्ते थकले.

"मालक, लग्नसराई आलीय. पाच घरची कापडं घेऊन बसलेय. ती दिली की आणून देते," ती म्हणाली.

मामंजींचा नियम दगडावर कोरलेला: तीन हप्ते थकले की मशीन परत. आणि परत आलं की आधी भरलेले पैसे बुडाले! हा नियम पावतीच्या मागे मोडीत लिहिलेला आहे, आणि खाली सरूबाईचा अंगठा आहे.

मामंजी म्हणाले, "सरूबाई, नियम सगळ्यांना सारखा. तुला सोडलं तर उद्या सगळेच थकवतील."

ती उठली. कॅलेंडरला कुंकू लावून स्टेशनकडे गेली. हप्ता नव्हता, तरी कुंकू लावलं!

* * *

तेवढ्यात नवा कानून आला.

आमच्याकडे कानून शुक्रवारीच कळतो. कारण मुन्शीजी कचेरीत नकलनवीस आहेत, सरकारी कागदांच्या नकला उतरवतात; हैदराबादच्या राज्यात शुक्रवारी कचेरी बंद, आणि त्या दिवशी ते आमच्या दुकानाचा उर्दू पत्रव्यवहार पाहतात. मामंजींना उर्दू फर्डी बोलता येते, वाचता येत नाही. ह्यांना बोलताही येत नाही आणि वाचताही येत नाही, पण हे मान छान हलवतात.

मुन्शीजींनी जरीदा, म्हणजे सरकारी गॅझेट, उघडला, चष्मा लावला आणि सुरू केलं. मुन्शीजींचं वाचन म्हणजे मुशायरा! हप्त्यावर माल विकणाऱ्या दुकानदारांनी विम्याच्या नावाखाली काय घ्यावं आणि काय घेऊ नये, हे असल्या जरीच्या भाषेत की शेजारचा पानवाला दारात येऊन "वाहवा!" म्हणाला.

पडद्याआड मी सूप थांबवलं. माझे वडील सेलूच्या सरकारी शाळेत मास्तर. शाळा उर्दू, घरात आम्ही तिघी बहिणी, मुलगा नाही, म्हणून वडिलांनी जे शाळेत शिकवायचे ते घरी आम्हालाही शिकवलं. हे सासरी कुणी विचारलं नव्हतं. स्वयंपाक येतो का, एवढंच विचारलं होतं.

सहावं कलम मुन्शीजींनी खणखणीत वाचलं. विम्याचे पैसे हप्त्याच्या रुपयामागे एका आण्याहून जास्त घेता येणार नाहीत, आणि तेसुद्धा खऱ्या कंपनीत भरून तिची पावती दाखवली तर.

मग सातवं आलं. "दफा सात," मुन्शीजी म्हणाले, आणि त्यांना खोकला लागला. काय खोकला! चष्मा हातात घेतला, पाणी मागितलं, मामंजींनी पाठ चोळली. मधूनमधून शब्द ऐकू येत होते. "जो रकम... खॉ... असल कीमत में... खॉ, खॉ..."

खोकला थांबला तेव्हा आठवं कलम चालू होतं.

जाताना मुन्शीजी पडद्याजवळून गेले. साठीचे गृहस्थ, पंधरा वर्षं मामंजींच्या घरचा चहा पितायत. मी आतून लवंग पुढे केली. त्यांनी घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही, हळूच म्हणाले, "जीती रहो बेटी. मौसमच खराब है."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

* * *

कानूनाचं सहावं कलम तेवढं मामंजींना कळलं. जुन्या गिऱ्हाइकांचं जुनंच ठेवलं, नव्यांचा विमा मात्र रुपयामागे आण्यावर आणला. कंपनीला मुंबईच्या पत्त्यावर पत्र टाकलं, त्याचं उत्तर अजून यायचंय. लोकांना वाटेल, गिऱ्हाइकं खूष झाली असतील.

पहिलं नवं गिऱ्हाईक झरीचे पाटील. ग्रामोफोन घ्यायला आले. भोंगा पितळी हवा, सगळ्यात मोठा हवा. हप्ता महिन्याला सहा रुपये ठरला. पाटलांनी पावती उलटसुलट पाहिली.

"हे काय? सहा आणे?"

"विमा, पाटील."

"आमच्या गावच्या मास्तराचा विमा किती हाय?"

मामंजी बेसावध. म्हणाले, "आठ आणे."

पाटलांनी भोंग्यावरचा हात काढून घेतला. "मास्तराच्या सायकलीला आठ आणे, अन् पाटलाच्या बाजाला सहा?"

"कानून तसा आलाय पाटील. जास्ती घेता येत नाही."

"कानून मास्तरासाठी असंल! अडीचशे एकराचा माणूस हाय मी. बारा आणे लिवा!"

"बारा लिहिले तर माझा परवाना जाईल हो!"

"अन् सहा लिवले तर माझी इज्जत जाती, त्याचं काय?"

दुपार टळेपर्यंत हा वाद चालला. शेवटी तोड निघाली. पावतीवर सहा आणे, आणि गावात सांगायला बारा! पाटील समाधानानं उठले. जाता जाता ह्यांना म्हणाले, "मास्तर इचारायला आला तर बाराच सांगा. न्हाई तर बाजा परत!"

आता झरीत पाटलांचा ग्रामोफोन गाणी गातो आणि पाटील स्वतः विमा गातात, असं ऐकते.

* * *

कानूनानं आणखी एक काम वाढवलं. विमा कशाकशापासून आहे ते गिऱ्हाइकाला विचारून पावतीवर लिहायचं.

देवगाव फाट्याचा एक माणूस सायकलीसाठी आला. हे पावती लिहीत होते. "आग, पूर, चोरी. आणखी काही?"

तो म्हणाला, "आग काढा. आमच्याकडं आग लागत न्हाई."

"बरं, काढली."

"पूर बी काढा. फाटा हाय, नदी न्हाई."

"काढला. मग चोरी?"

"चोर कशाला येतोय? सायकल दिसली की आमचा मेव्हणा घेऊन जातो, चोराला शिल्लकच राहत न्हाई. मेव्हणा लिवा."

ह्यांनी लेखणी खाली ठेवली. "मेव्हण्याचा विमा नसतो हो."

"कामून? आग बारा वर्षांत एकदा. मेव्हणा दर बाजाराला!"

हे उत्तर शोधत मामंजींकडे पाहू लागले. मामंजींना तीन मेव्हणे. मी पडद्याआडून सासूबाईंकडे पाहिलं, त्या भाजी चिरत होत्या. मामंजी पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "चोरी लिही. आणि पुढे, नातेवाईक धरून."

सासूबाईंनी ती भाजी त्या दिवशी खारट केली.

* * *

सरूबाईचा चौथा महिनाही तसाच गेला. मामंजींनी ह्यांना पिंगळीला धाडलं. "मशीन घेऊनच ये!"

पिंगळी म्हणजे इथून रेल्वेनं जवळच. हे सकाळच्या गाडीनं गेले, संध्याकाळच्या गाडीनं आले. हातात मशीन नाही!

"मशीन कुठंय?"

"चालू आहे."

"म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. हे गेले तेव्हा सरूबाई मशीनवर बसली होती. सुईखाली लाल झंपर. म्हणाली, "न्या की धाकले मालक. म्या कुठं न्हाई मन्ले? फकस्त एवढी बाही होऊ द्या. उद्या हळद हाय पोरीची."

हे बसले. बाही होत आली तशी तिनं दुसरी बाही त्या पाठोपाठ सुईखाली सरकवली. मग परकर. मग कुणाच्या तरी मामाचा सदरा. एक कापड सुटायच्या आत दुसरं सुईखाली! दोऱ्यात अडकलेलं मशीन उचलणार कसं? आणि कापड फाटलं तर नवरीच्या घरच्यांना काय सांगणार?

"अरे, मग बसून राहिलास दिवसभर?"

"नुसता बसलो नाही," हे म्हणाले. "माझ्या सदऱ्याचा खिसा उसवला होता. तिचं लक्ष गेलं. तोही घातला सुईखाली."

मामंजींनी खिसा पाहिला. टीप सुरेख होती.

"शिवणावळ?"

"दोन आणे," हे म्हणाले. "चार मागत होती."

मामंजींनी डोक्याला हात लावला. मग निक्षून सांगितलं, पाडव्याच्या आधी मी स्वतः बैलगाडी घेऊन जाईन, आणि सुईखाली काय वाट्टेल ते असो, मशीन घेऊन येईन. मामंजी बोलले की करतात. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात अबोल मी एकटी नाही.

* * *

मग हुकूम आला की दुकानात कानूनाची पाटी लावायची. गिऱ्हाइकाला दिसेल अशी. पुढच्या आठवड्यात कचेरीतून इन्स्पेक्टर साहेब पाहायला येणार. कुणाची तक्रार असेल तर त्यानं त्या दिवशी दुकानात हजर राहावं, अशी दवंडीही गावोगाव फिरली.

पाटी मुन्शीजींनी लिहिली. दोन दिवस खपून, काळ्यावर पांढरी, एकेक नुक्ता मोजून. मी चहा बाहेर दिला आणि दुरूनच वाचली. पाचवं, सहावं, सातवं, आठवं. सातवं पूर्ण होतं! एक शब्द गाळलेला नाही. वाचताना माणसाला खोकला येऊ शकतो, पण मुन्शीजी तीस वर्षं नकलनवीस आहेत. नकलेत खोटं कसं लिहितील?

मामंजी म्हणाले, "काय सुंदर अक्षर!" आणि पाटी दर्शनी भिंतीवर ठोकली.

दोन दिवसांनी भर दुपारी सरूबाई आली. मामंजी जेवून पडले होते, हे माल उतरवायला स्टेशनवर. दुकानात कुणी नाही. तिनं लक्ष्मीला कुंकू लावलं, पदरातून तीन रुपये आठ आणे काढले आणि तिचं लक्ष पाटीवर गेलं.

"वैनी," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "हे काय लिवलंय व?"

सासरी आल्यापासून पडद्यापलीकडून मला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी सूप बाजूला ठेवलं. वाचून दाखवणं काही पाप नाही. पाटी त्यासाठीच लावलेली आहे, तसा हुकूमच आहे. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं.

सातव्याशी ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. विम्याच्या नावानं घेतलेली जी रक्कम कंपनीत भरल्याची पावती नाही, ती सगळी मालाच्या मूळ किमतीत वळती होईल.

"वळती म्हंजे हप्त्यातच धरायची?"

"हो."

तिनं बोटांच्या पेरांवर काही मोजलं. पस्तीस महिने, आठ-आठ आणे. माझं आधीच मोजून झालं होतं.

"अन् त्याच्या खालचं?"

"आठवं. जो दुकानदार असं करताना सापडेल त्याचा परवाना जाईल."

"म्हंजी हे दुकान बंद?"

मी हो म्हणाले. आतल्या खोलीत मामंजी घोरत होते.

सरूबाई बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ह्या बाजारात मशीनच्या सुया दुसरं कोण ठेवतं हो वैनी?"

"कुणी नाही."

"हाव. कुनीच न्हाई." तिनं तीन रुपये आठ आणे पुन्हा पदरात बांधले. "मी आल्ते म्हनून सांगू नका."

मला सांगायची सवयच कुठे आहे!

* * *

इन्स्पेक्टर साहेब हैदराबादचे. तरुण, काळी शेरवानी, मराठी कळायची पण बोलता यायची नाही. दवंडी ऐकून तक्रारीला आलं कोण? एकटी सरूबाई. उंबऱ्याजवळ पाय दुमडून बसली होती. शेजारी बोचक्यात पस्तीस पावत्या.

तिला पाहिल्यावर मामंजींचा चेहरा उतरला. मुन्शीजी त्या दिवशी रजा घेऊन आले होते. पाटी पाहून साहेब म्हणाले, "माशाअल्लाह, क्या ख़त है!" अक्षराची तारीफ ऐकून मुन्शीजींनी सलाम केला, पण त्यांचं लक्ष सरूबाईच्या बोचक्यावर होतं. ह्यांचं तर सगळ्यांवरच होतं.

साहेबांनी पावत्या मागितल्या. एक उचलली, उलटी केली, सुलटी केली. पावती मोडीत. साहेबांना मोडी येत नाही, आकडे तेवढे कळतात. मुन्शीजींना मोडी येत नाही. ज्यांना येते ते दोघे, मामंजी आणि हे, तेच तर तपासायचे होते! आणि पावती जिची, तिला काहीच वाचता येत नाही.

साहेबांनी पहिल्या खान्यावर बोट ठेवलं. "ये क्या है?"

"किस्त, हुजूर," मामंजी म्हणाले. "तीन रुपये."

"और ये दूसरा ख़ाना? आठ आने?"

मामंजींनी उपरण्यानं कपाळ पुसलं. पडद्याआड माझ्या हातातली ज्वारी सुपात सांडली.

"त्यो बी हप्ताच हाय, सायेब," सरूबाई म्हणाली.

साहेब वळले. "दूसरी किस्त?"

"हाव. एक थोरला हप्ता, एक धाकला हप्ता. तीन रुपये थोरला, आठ आने धाकला. लौकर फिटावं म्हनून म्याच दर महिन्याला वरचे आठ आने देत आल्ते. मालकांनी दुसऱ्या खान्यात लिवले."

"बीमा नहीं लिया इन्होंने?"

"इमा? त्यो काय असतो सायेब?"

साहेबांनी मामंजींकडे पाहिलं. "ये सच कह रही है?"

भिंतीवर पाटी, पाटीवर आठवं कलम. मामंजींनी पाटीकडे पाहिलं, सरूबाईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"जी हुजूर," मामंजी म्हणाले. "धाकटा हप्ता."

"कितने महीने?"

"पस्तीस," सरूबाईच म्हणाली. "थोरले पस्तीस, धाकले बी पस्तीस. मोजून घ्या."

साहेबांनी पावत्या मोजल्या आणि कागदावर आकडा मांडला. वर पाहून म्हणाले, "एक सौ साढ़े बाईस. मशीन की क़ीमत?"

"एकशेवीस, हुजूर."

"तो फिर सेठजी, ये औरत आपकी देनदार कैसे हुई? बेबाक़ी लिखकर दीजिए. अभी!"

मामंजींनी लिहून दिलं. मशीनची पूर्ण किंमत मिळाली, काही बाकी नाही. साहेबांच्या सांगण्यावरून मुन्शीजींनी खाली तेच उर्दूत लिहिलं, आणि एवढं सुरेख अक्षर मी त्यांचं पाटीवरही पाहिलं नव्हतं. साहेबांनी परवान्यावर सही केली, सरबत घेतलं आणि टांग्यात बसून गेले.

टांगा वळला. मग मामंजी उठले, गल्ला उघडला आणि वरचे अडीच रुपये सरूबाईच्या पुढ्यात ठेवले.

"हे तुझे. जास्तीचे आले आहेत."

सरूबाईनं बेबाकीचा कागद चौघडी करून चोळीत ठेवला, बोचकं बांधलं, उठली. अडीच रुपये एका बोटानं मामंजींकडे परत सरकवले.

"ऱ्हाऊ द्या मालक," ती म्हणाली. "ते इम्याचे धरा!"